नट व्हायचंय? मग जिमी स्टुअर्ट असा बघा

आधी एक ताकीद. स्टुअर्टचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' पहिला बघायचा नाही. सगळे तिथूनच सुरुवात करतात, शेवटी डोळे पुसतात, 'काय माणूस आहे हो!' म्हणतात आणि तिथेच थांबतात. प्रेक्षकाला तेवढं पुरतं. तुम्हाला पुढच्या मोसमात स्टेजवर उभं राहायचंय, तुमचं त्यात भागायचं नाही.

मी सांगलीत हौशी नाटकं बसवते. राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी नवी पोरं येतात. आवाज बरा असतो, पाठांतर चोख असतं, आणि हातांचं काय करायचं ते एकालाही ठाऊक नसतं. एक जण खिशात कोंबतो, दुसरा प्रत्येक वाक्याला हवेत फेकतो, तिसरी ओढणीचं टोक पिळत बसते. अशा पोरांना मी हॉलिवूडचा जुना नट जेम्स, म्हणजेच जिमी, स्टुअर्ट बघायला लावते. सव्वासहा फूट उंच, काठीसारखा बारीक, लांबच लांब हात, वर बोलताना अडखळणारा. असा माणूस लपून लपणार कुठे? त्यानं लपवायचा नाद सोडला आणि त्याच हातांना कामाला लावलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्याच्या कारकिर्दीच्या बरोबर मध्ये महायुद्ध आहे. हत्यारं तीच, पण युद्धाआधी त्यांनी तो एक काम करतो आणि युद्धानंतर भलतंच. हा फरक ज्याला पकडता आला त्याला भूमिका कशी चढत जाते ते कळलं म्हणून समजा.

तयारी अगदी साधी आहे. एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: हात, आवाज, डोळे. आठवड्याला एकच सिनेमा, जास्त नाही. सिनेमा सलग बघायचा, मग मी सांगते ते प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघायचे, आणि वहीत लिहायचं ते या दुसऱ्या वेळी. सबटायटल्स पहिल्या वेळेपुरती ठेवा, कारण गडी पुटपुटतो. पण दुसऱ्यांदा ती बंदच करा, नाहीतर डोळे खालच्या ओळीवर आणि चेहरा निसटला. रंग चढवलेल्या आवृत्त्या मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. जुन्या सिनेमांना असे रंग फासायला स्टुअर्टनं स्वतः जाहीर विरोध केला होता. आणि मोबाइलवर बघू नका. बोटं दिसली पाहिजेत.

आधी माणूस माहीत करून घ्या

चरित्र पाठ करायची गरज नाही, पण चार गोष्टी डोक्यात हव्यात.

जन्म २० मे १९०८, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या इंडियाना नावाच्या छोट्या गावात. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, दोरखंड असा सगळा माल. एका गिऱ्हाइकानं उधारी फेडण्याऐवजी अ‍ॅकॉर्डियन दिला, तो या पोराच्या हातात आला आणि तो वाजवायला शिकला. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९३२ साली वास्तुरचनेची पदवी घेतली. मंदीचा काळ, इमारती बांधतंय कोण? मॅसॅच्युसेट्समध्ये युनिव्हर्सिटी प्लेयर्स नावाची तरुणांची नाटक कंपनी होती, तिथे गेला. त्याच मंडळींतून नट हेन्री फोंडा ओळखीचा झाला, जन्माचा दोस्त, आणि नटी मार्गारेट सुलवान. म्हणजे हा मूळचा आपल्यासारखाच, कंपनीत राबून वर आलेला. आधी अ‍ॅकॉर्डियन वाजवून गिऱ्हाइकं रिझवायची, मग मिळेल ती दोन वाक्यांची भूमिका करायची. १९३५ साली हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओनं करारावर घेतला. पहिली काही वर्षं तिथे त्याचं काय करायचं तेच कुणाला कळेना. एका सिनेमात चक्क गायलाही लावलं. ऐकून बघा, हसू आवरणार नाही.

मग १९३८ ते १९४० या तीन वर्षांत त्याचं नशीब फळफळलं. २७ फेब्रुवारी १९४१ ला 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी ऑस्कर. वडिलांनी ती बाहुली मागवून घेतली आणि दुकानाच्या काचेत ठेवली. पुढची कित्येक वर्षं ती तिथेच होती. ऑस्करला महिना व्हायच्या आत हा लष्करात भरती. आधी वजन कमी म्हणून परत पाठवला होता, तर खाऊन खाऊन वजन वाढवून पुन्हा गेला. विमान उडवायला तो आधीच शिकलेला होता. लष्कराला त्याला प्रचारासाठी मिरवायचं होतं, त्यानं लढाईची नेमणूक मागून घेतली. १९४३ च्या अखेरीला तो इंग्लंडात नॉरफोकमधल्या टिबेनहॅमच्या विमानतळावर पोहोचला. बी-२४ लिबरेटर जातीची बाँबफेकी विमानं, खाली जर्मनी, आणि हाताखालच्या पोरांना जिवंत परत आणायची जबाबदारी. २० मोहिमा केल्या. शिपाई म्हणून आत गेलेला माणूस १९४५ साली कर्नल होऊन परतला. पुढे राखीव दलात ब्रिगेडियर जनरलपर्यंत चढला. पण युद्धाबद्दल तो फारसा बोललाच नाही, आणि सिनेमाच्या जाहिरातीत आपल्या युद्धसेवेचा उल्लेख करायचा नाही ही अटच घालत असे.

एवढं पुरे. आता सिनेमे.

पहिला आठवडा: कानांनी अभिनय

'द शॉप अराउंड द कॉर्नर', १९४०, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. बुडापेस्टमधलं चामडी वस्तूंचं दुकान. स्टुअर्ट त्यातला थोरला विक्रेता क्रालिक. दुकानात नवीन आलेल्या मुलीशी त्याचं रोजचं भांडण, आणि दोघंही निनावी पत्रांतून एकमेकांच्या प्रेमात. पत्र लिहिणारं कोण हे दोघांना ठाऊक नाही. मुलीच्या भूमिकेत तीच मार्गारेट सुलवान. तालमीतल्या जुन्या ओळखीचा पडद्यावर काय फायदा होतो ते इथे दिसतं. दोघं एकमेकांचं वाक्य संपायची वाट बघत नाहीत, पण एकमेकांवर चढतही नाहीत.

कॅफेच्या बाहेरचा प्रसंग काढा. क्रालिकची आजच नोकरी गेली आहे. आत ती पत्रवाली बसलेली असणार, आणि आत डोकावायचा याला धीर होत नाही. म्हणून तो सोबत्याला, पिरोविचला, खिडकीतून बघायला सांगतो. आता बघा: प्रसंगातली सगळी बातमी पिरोविचच्या तोंडी आहे. स्टुअर्ट नुसता ऐकतो. आवाज बंद करून त्याच्या चेहऱ्यावरून सांगता येतं का बघा, नेमकं कुठल्या क्षणी त्याला कळलं की आत बसलेली ती दुकानातलीच आहे. मग तो आत जातो. तिला अजून काहीच माहीत नाही. ती त्याला किरकोळ कारकून ठरवून टाकते. ते वाक्य तो कसा घेतो? आपल्या पोरांना असं वाक्य दिलं तर अर्धी पोरं मागे सरकतात, उरलेली छातीला हात लावतात. हा काहीच करत नाही. अपमान आत उतरेपर्यंत थांबतो आणि मग निघून जातो.

तालमीत करायचं काम: समोरच्याला लांब बातमी सांगायला लावा आणि तुम्ही फक्त ऐका. बघणाऱ्याला कळलं पाहिजे तुम्हाला कधी कळलं ते. भुवया वापरायच्या नाहीत.

दुसरा: एक टोपी

'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', १९३९, दिग्दर्शक फ्रँक कापरा. भाषणाचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे, तो नंतर. आधी टोपीचा बघा. भोळाभाबडा तरुण सिनेटर मोठ्या घरच्या देखण्या मुलीशी बोलतोय. कॅमेरा त्याच्या तोंडावर थांबतच नाही, हातांवर थांबतो. टोपी या हातातून त्या हातात, फिरली, पडली, उचलली, पुन्हा पडली. आवाज तेवढा वरून येतो. एवढ्यात तुम्हाला माणूस कळतो. बघताना वाटतं खरंच धांदल चाललीय, पण आरशासमोर ही टोपी करून बघा. प्रत्येक पडणं वाक्याच्या ठरलेल्या जागी येतं. पहिल्यांदा करायला गेलात तर टोपी आधी पडेल, वाक्य नंतर येईल आणि हशा मरेल.

आता भाषण. सिनेटमध्ये बोलणं थांबवलं की हरला, म्हणून तो जवळजवळ २४ तास उभा राहून बोलतो. घसा बसलेला वाटावा म्हणून स्टुअर्टनं डॉक्टरकडून घशात पाऱ्याचं औषध घालून घेतलं होतं. तुम्ही असलं काही करायचं नाही. (दरवर्षी कुणीतरी विचारतं, 'ताई, फिटकरी चालेल का?' नाही चालणार.) घशाकडे बघूच नका, कण्याकडे बघा. सुरुवातीला माणूस ताठ, मग एका मेजाचा आधार, मग दोन्ही हातांचा. विरोधातल्या टेलिग्रामांचे गठ्ठे आणून ओततात, तो त्यात मुठी खुपसतो आणि शेवटी कोसळतो. पण कोसळायच्या आधी क्लॉड रेन्सकडे, म्हणजे ज्याला गुरू मानला त्याच्याकडे, वळून बोलतो ते नीट ऐका. तिथे तो ओरडत नाही. चोवीस तासांत आवाज सगळ्यात खाली येतो तो इथे.

'फिलाडेल्फिया स्टोरी' वेळ असेल तर बघा. ऑस्कर त्याला मिळालं असलं तरी माझ्या मते त्या सिनेमातला अवघड भाग कॅरी ग्रँटचा आहे. फक्त दारूच्या नशेतला प्रसंग सोडू नका. स्टुअर्टनं न सांगता उचकी काढली, ग्रँटनं हसू दाबत ती सांभाळून घेतली, आणि ते तसंच ठेवलं. समोरच्यानं ऐनवेळी काही केलं तर गांगरायचं नसतं ते ग्रँटकडून शिका.

आता 'वंडरफुल लाइफ'

१९४६. पुन्हा कापराच. पाच वर्षांनी कॅमेऱ्यासमोर आलेला स्टुअर्ट. बर्फाची नाताळची रात्र दिसते, पण चित्रीकरण कॅलिफोर्नियात, ऐन उन्हाळ्यात झालंय, बर्फ फेसाचं आहे. पुलावरच्या प्रसंगात त्याच्या चेहऱ्यावर घाम दिसतो तो उकाड्याचाही आहे. सिनेमानं तेव्हा खर्चसुद्धा भरून काढला नाही. १९७४ साली स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, टीव्हीवाले दर नाताळात फुकटात दाखवायला लागले आणि अमेरिकेत घरोघरी पोहोचला.

लोक याला गोड सिनेमा म्हणतात. मला तो भयंकर वाटतो, आणि ते स्टुअर्टमुळे. काकानं कंपनीचे पैसे हरवल्यावर घरी आलेला जॉर्ज बेली, म्हणजे स्टुअर्ट. मुलगी पियानोवर एकच धून घोटतेय, पोरं प्रश्न विचारतायत, नाताळचं झाड सजतंय. आवाज बंद करा. बघा तो पोराला जवळ कसा घेतो, किती घट्ट. मग एकदम सुटतो, ओरडतो, कोपऱ्यात मांडलेले पुलाबिलाचे नमुने लाथेनं उडवतो. ते नमुने म्हणजे त्याची तरुणपणीची स्वप्नं. आणि त्यानंतर जे होतं ते लिहून ठेवा: तो थांबतो, बायकोपोरांचे घाबरलेले चेहरे बघतो, आणि काय बोलावं ते त्याला सुचत नाही. अडखळणं तेच, पण १९३९ साली त्यावर हसू येत होतं. इथे ते ऐकवत नाही.

या घरातल्या जिन्याच्या कठड्याला एक सैल मूठ आहे. वर जाताना ती त्याच्या हातात येते. वैतागून फेकणार, तेवढ्यात आवरतो आणि परत बसवतो. शेवटी, सगळं परत मिळाल्यावर, तीच मूठ पुन्हा हातात येते आणि तो तिचा मुका घेतो. एवढंसं लाकूड, पण त्याच्या जिवावर माणसाचा अख्खा प्रवास दाखवलाय, एकही वाक्य न घालता. आमच्याकडे नेपथ्यात मोडकी खुर्ची असली की नट मला म्हणतो, 'ताई, ही बदला ना.' कशाला बदलायची?

दारूच्या गुत्त्यातली प्रार्थनाही बघा. स्टुअर्ट सांगत असे की त्या वेळी रडायचं ठरलेलं नव्हतं, बोलता बोलता कढ आला. कापराचा कॅमेरा लांब होता आणि तसं रडणं पुन्हा मागून मिळणार नव्हतं, म्हणून कापरानं नंतर प्रयोगशाळेत चित्र मोठं करून चेहरा जवळ आणला. त्या शॉटचा पोत जरा वेगळा दिसतो, निरखून बघा. आणि बघा तो हात कुठे नेतो: मूठ तोंडाशी, अश्रू झाकायला. रडू येणारा माणूस ते दाखवायला बघत नाही, लपवायला बघतो. आमच्या स्पर्धांमध्ये उलटं चालतं.

मधली सुट्टी: 'हार्वे'

रंगभूमीवाल्यांनी हा १९५० चा सिनेमा चुकवू नये. एल्वुड डाउड नावाच्या सज्जन पियक्कडाचा मित्र म्हणजे माणसाहून उंच ससा, जो फक्त त्यालाच दिसतो. हे मूळ नाटक. स्टुअर्टनं ब्रॉडवेवर ते काम सिनेमाच्या आधीही केलं होतं आणि १९७० साली अभिनेत्री हेलन हेज यांच्यासोबत पुन्हा केलं. पडद्यावर ससा नाहीच. तरी दार उघडल्यावर तो सशाला आधी आत सोडतो, खुर्ची ओढून देतो, बोलताना नजर ठरावीक उंचीवर नेतो. ती उंची सबंध सिनेमाभर हलत नाही. तुम्ही स्टेजवर अदृश्य माणसाशी बोलता तेव्हा तो माणूस दर वाक्याला वाढतो आणि खुजा होतो, हे मी विंगेतून बघते. भिंतीवर खडूनं खूण करून सराव करा. शिवाय हेही बघा की एल्वुड कुणालाही घाई करत नाही. स्टुअर्टनं या भूमिकेत अडखळणं जवळजवळ काढून टाकलंय. म्हणजे ती सवय नव्हती, निवड होती.

घोड्यावरचा माणूस

पोरं विचारतात, वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे सिनेमे, कशाला बघायचे, ढिशुमढिशुम असतं. बसा आणि बघा. युद्धानंतर त्याचे दोन-तीन सिनेमे धड चालले नव्हते. १९५० साली 'विंचेस्टर '७३' आला. त्याची ठरलेली बिदागी युनिव्हर्सल स्टुडिओला परवडेना, तेव्हा त्याचा एजंट ल्यू वासरमन यानं रोख रक्कम सोडून नफ्यात हिस्सा मागितला. सिनेमा चालला, स्टुअर्ट श्रीमंत झाला, आणि बड्या नटांचे स्टुडिओशी करार त्यानंतर बदलत गेले. धंद्याची एवढीच गोष्ट सांगते, कारण मानधनाच्या वेळी तुम्ही लाजता.

दिग्दर्शक अँथनी मान. दोघांनी मिळून ८ सिनेमे केले, त्यातले ५ वेस्टर्न. 'विंचेस्टर'मध्ये सुरुवातीलाच गुत्त्यात दोन जानी दुश्मन समोरासमोर येतात आणि दोघांचेही हात विजेच्या वेगानं कमरेला जातात. पण गावच्या नियमानं बंदुका आधीच काढून घेतल्यात! हात रिकामाच. हशा पिकावा असा प्रसंग, आणि अंगावर काटा येतो, कारण त्या क्षणी स्टुअर्टच्या तोंडावर खून आहे. पुढे तो खलनायक झालेल्या डॅन ड्युर्येआचा हात पिरगळून त्याचं डोकं बारच्या फळीवर दाबतो, तेव्हा दिग्दर्शक मान कॅमेरा जवळ नेतो. हाच तो टोपी पाडणारा पोरगा? थांबवून बघा. डोळे बघा. वहीतला टोपीचा रकाना काढा आणि शेजारी हे लिहा.

'द नेकेड स्पर', १९५३, कोलोरॅडोच्या डोंगरात. बोलणारी पात्रं फक्त ५, म्हणजे जवळपास एकांकिकाच. बक्षिसाच्या पैशासाठी माणूस पकडणारा हॉवर्ड केम्प, आणि ते पैसे हवेत गमावलेली जमीन परत घ्यायला. शेवटी मुडदा ओढत आणताना तो मोडतो आणि रडतो. 'वंडरफुल लाइफ'मधल्या रडण्याशी ताडून बघा. तिथे हातानं तोंड झाकलं होतं. इथे हात गुंतलेले आहेत, झाकायची सोय नाही. 'द मॅन फ्रॉम लारामी'मध्ये (१९५५) तर त्याचा हातच धरून जवळून गोळी घालतात. अँथनी मानला नेमकं ठाऊक होतं या नटाचा जीव कशात आहे.

जाता जाता: या वेस्टर्नमध्ये त्याचा घोडा बहुतेक वेळा एकच, नाव 'पाय' (इंग्रजीतला Pie). वीसेक वर्षं हा त्याच घोड्यावर बसला. मालकानं विकायला शेवटपर्यंत नकार दिला. हेन्री फोंडानं त्या घोड्याचं चित्र काढून दोस्ताला भेट दिलं. अभ्यासाला याचा उपयोग शून्य, पण मला आवडतं.

हिचकॉकचे दोन

'रिअर विंडो' (१९५४) आणि 'व्हर्टिगो' (१९५८), याच क्रमानं. मध्ये आठवडा जाऊ द्या.

'रिअर विंडो'त दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं त्याचे पाय काढून घेतले. पाय प्लास्टरमध्ये, माणूस चाकाच्या खुर्चीत, समोर पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलेला अख्खा चौक. सिनेमाभर हा फक्त बघतो. हातात काय काय येतं त्याची यादी करा: दुर्बीण, लांबलचक लेन्स, फोन, दारूचा पेला, शेवटी खुन्याचे डोळे दिपवायला फ्लॅशचे बल्ब. आणि प्लास्टरच्या आत खाज सुटते तेव्हाची काठी. तो खाजवतो तेवढे क्षण निरखून बघा. आधी तळमळ, मग काठी आत जाते, मग मोक्ष. एक शब्द नाही. हिचकॉक म्हणायचा की स्टुअर्टचा हसरा चेहरा घ्या, आधी पिल्लू दाखवलं तर तो दयाळू वाटतो, अर्धनग्न बाई दाखवली तर चावट म्हातारा. म्हणजे अर्धं काम संकलक करतो. स्टेजवर तुमच्यासाठी ते काम कोण करणार? सहनट. म्हणून समोरचा बोलत असताना चेहऱ्यानं भाष्य करायचं बंद करा.

'व्हर्टिगो'ची सुरुवातच हातांनी होते. शिडीची दांडी, आणि तिला घट्ट धरणारा हात. पाठलाग, मग हा पन्हाळीला लोंबकळतोय. पुढच्या प्रसंगात मैत्रिणीच्या घरी छडी तोलत बसलाय. पकड सुटण्याची भीती असलेला माणूस, आणि मग तो एका बाईला पकडतो. दुकानातला प्रसंग बघा. मेलेल्या प्रेयसीसारखे कपडे त्याला दुसऱ्या मुलीच्या अंगावर चढवायचे आहेत. किती मऊ बोलतोय बघा! तोच गोड, अडखळणारा, आर्जवी आवाज जो १९४० साली दुकानात ऐकला. शब्द बदललेले नाहीत फार, पण समोरची पोरगी गुदमरतेय. तिचे केस हवे तसे बांधून ती हिरव्या उजेडातून बाहेर येते तेव्हा त्याचा चेहरा थांबवून बघू नका, सलग बघा. सुख आणि वेड यांत सांधा कुठे आहे ते मला आजवर सापडलेलं नाही. हा सिनेमा तेव्हा बेताचाच चालला. २०१२ साली ब्रिटिश मासिक 'साइट अँड साउंड'च्या समीक्षकांच्या कौलात पहिला आला.

शेवटचा आठवडा, आणि काय टाळायचं

'द स्पिरिट ऑफ सेंट लुइस' टाळा. वैमानिक लिंडबर्गनं एकट्यानं विमानातून अटलांटिक ओलांडला तेव्हा तो २५ वर्षांचा होता. स्टुअर्ट ही भूमिका करताना पन्नाशीकडे झुकलेला. विमानाचं वेड समजू शकते, पण केस रंगवून वय जात नाही. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्येही (१९६२) तो त्रेपन्नाव्या वर्षी तरुण वकील झालाय, पण तिथे जॉन फोर्डनं त्याच्या अंगावर एप्रन चढवलाय. भांडी घासणारा, ताटं नेणारा, आणि त्याच एप्रनमध्ये पिस्तूल घेऊन रस्त्यात उतरणारा माणूस. वयाकडे लक्षच जात नाही.

अभ्यास संपवायचा तो 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'नं, १९५९. मिशिगनच्या उत्तरेकडच्या खऱ्या गावांत चित्रित केलेला खटला, ड्यूक एलिंग्टनचं संगीत, न्यायाधीशाच्या भूमिकेत जोसेफ वेल्च, जो खराखुरा वकील. स्टुअर्ट हा मासेमारीत रमलेला गावचा वकील पॉल बीगलर. हातांची चंगळ आहे: सिगार, गळाला लावायच्या नकली माश्या, पियानो. पण इथे हात दुय्यम. या वेळी एकच गोष्ट शोधा: बीगलर केव्हा खरा चिडतो आणि केव्हा ज्युरीसाठी चिडतो. मोठ्या शहरातून आलेल्या सरकारी वकिलासमोर, म्हणजे जॉर्ज सी. स्कॉटसमोर, तो 'मी बापडा साधा गावचा वकील' असा आव आणतो. आवाज चिरकतो, शब्द अडखळतात, हात हवेत. ओळखलंत? हा १९३९ चा मिस्टर स्मिथ आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या भोळेपणानं त्यानं लोकांना जिंकलं, तोच भोळेपणा त्यानं आता एका बेरकी वकिलाच्या हातात डावपेच म्हणून दिलाय. आपल्याच लकबीकडे असं बाहेरून बघून ती पात्राला वापरायला देणं फार थोड्यांना जमतं. या कामाला व्हेनिसला उत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, ऑस्कर हुकलं.

आता वही. तीन रकाने भरले असतील. त्याची नक्कल करायच्या भानगडीत पडू नका. जिमी स्टुअर्टची नक्कल अमेरिकेत दोन पिढ्यांनी केली, त्यात एकही नट निघाला नाही. त्याऐवजी असं करा. तुमच्या हातात आत्ता जी संहिता आहे ती घ्या. तुमच्या पात्राच्या हातात तीनदा येऊ शकेल अशी एकच वस्तू शोधा: चष्म्याचं घर, किल्ल्यांचा जुडगा, काहीही, पण ती लेखकानं दिलेल्या जगातलीच हवी. पहिल्यांदा ती नुसती वापरा. दुसऱ्यांदा तिनं तुम्हाला अडवलं पाहिजे. तिसऱ्यांदा काय होतं ते वाक्यं पाठ झाल्यावर ठरवा, आधी नाही. आणि ती वस्तू तालमीच्या पहिल्या दिवसापासून मागा. रंगीत तालमीला हातात आलेली वस्तू प्रयोगात हमखास पडते, आणि ती काही टोपीसारखी ठरलेल्या जागी पडत नाही.